एका कांजीचे इतके उच्चार का?

प्रश्न : मी जपानी शिकतेय. हिरागाना, काताकाना या उच्चार लिहायच्या लिप्या झाल्या, आता कांजीपाशी, म्हणजे चिनी चिन्हांपाशी अडकलेय. एकाच चिन्हाचे चार-चार उच्चार कसे काय? आणि स्वतःच्या दोन लिप्या असताना जपानी लोक ही चिनी चिन्हं सोडून का देत नाहीत? – एक वाचक, पुणे

उत्तर : उच्चारांचं आधी बघू. आपण '१ला' लिहितो आणि वाचतो 'पहिला', 'एकला' कुणी म्हणत नाही. कांजीचंही असंच, चिन्ह अर्थ सांगतं आणि पुढची हिरागाना शेपटी सांगते की नेमका कुठला शब्द वाचायचा. मूळ जपानी शब्द चिन्हावर बसवला तो कुनयोमी, चिनी उच्चार जपानी तोंडात बसला तो ओनयोमी. त्यातही चिनी उच्चार एकदाच आले असते तर बरं झालं असतं, पण आधी दक्षिण चीनकडचे आले, मग थांग राजवटीत तिची राजधानी चांगआनला गेलेले भिक्षू नि विद्यार्थी तिथले घेऊन आले, नंतर झेन पंथाच्या बौद्ध भिक्षूंनी आणखी आणले आणि जुने कुणी टाकलेच नाहीत! म्हणून 'जाणे'ची कांजी हिरागाना शेपटीसह एकटी आली की इकु, बँकेला गिंको म्हणतात त्यात को, मिरवणुकीच्या ग्योरेत्सुमध्ये ग्यो आणि आन्दोन या कागदी दिव्यात आन.

सोडायचं म्हणाल तर तेही सुचवून झालंय. पुढे जपानचं टपालखातं उभारणाऱ्या माएजिमा हिसोका यांनी १८६६ मध्ये थेट शोगुनलाच, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशालाच, तसा अर्ज केला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये सरकारने रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची यादी केली, 'तूर्त वापरायच्या' अशा नावाने, पण २०१० च्या यादीत त्या २१३६ झाल्या, आणि आज प्राथमिक शाळेतच पोरं १०२६ शिकतात. कारण सरळ आहे, जपानीत ध्वनी कमी, सारखे ऐकू येणारे शब्द भरमसाट. कागाकु म्हणजे विज्ञान पण आणि रसायनशास्त्र पण, नुसत्या हिरागानात कळणार कसं? वर शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे कांजी दिसली की डोळ्याला कळतं इथे नवा शब्द सुरू झाला. बाकी त्या दोन लिप्याही कांजीतूनच निघाल्यात बरं का, फक्त त्यांचा अ-इ-उ-ए-ओ, क-स-त-न हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलाय, म्हणजे तो तुम्हाला ओळखीचाच.

आणि प्लीज, उच्चारांच्या याद्या पाठ करू नका, त्याने कुणाचंच भलं होत नाही. अख्खे शब्द शिका. 'जीवन'वाली कांजी घ्या, सेन्सेई म्हणजे शिक्षक, नामा म्हणजे कच्चं, इकिरु म्हणजे जगणं, एवढे तीन वाक्यात वापरून बघा, उरलेले उच्चार वाचताना भेटतील तसे घ्या.