साके पाणचट का लागते?

प्रश्न: पोरगा जपानहून साकेच्या, म्हणजे तिकडच्या तांदळाच्या दारूच्या, दोन बाटल्या घेऊन आला, एक निगाताची, एक क्योटोच्या फुशिमीची. निगाताची एकदम पाणचट, फुशिमीची गोडसर. फसलो की काय? – एक वाचक, खानापूर

उत्तर: फसला नाही ओ काका, निगाताची तशीच असते, हलकी, कोरडी, घोट गेला की तोंड साफ, आणि गोव्याच्या फेणीची सवय असलेल्या जिभेला ती पाणचट वाटणारच की. फुशिमीचं पाणी कोबेजवळच्या नाडा भागाच्या मानाने हलकं, म्हणजे क्षार कमी, म्हणून घोट गुळगुळीत, उलट नाडाचं पाणी जपानच्या मानाने जड, त्यात यीस्ट जोरात काम करतं नि साके करकरीत होते. बाटलीवर दाइगिंजो लिहिलंय का बघा, म्हणजे तांदूळ घासून निम्मा किंवा त्याहून कमी ठेवलेला, ती थंडच घ्या, गरम केली तर तो केळ्यासारखा वास उडून जातो. साधी जुनमाई, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेली, असेल तर 45 डिग्रीपर्यंत गरम करून बघा, पण गरम पाण्यात भांडं ठेवून, गॅसवर डायरेक्ट नको. तिखट मटणासोबत काहीच कळणार नाही हं, कारवारकडची तळलेली मासळी बरी. आणि अल्कोहोल 15-16 टक्के असतं, पाणचट म्हणून ग्लास भरू नका.