व्हर्जिनियाचा कॉलेज बास्केटबॉल संघ २०१८ मध्ये पहिल्याच फेरीत हरला आणि २०१९ मध्ये विजेता झाला. एका वर्षात नेमकं काय बदललं? असा हंगाम बघताना नवख्याने कशाकडे लक्ष द्यावं?

आधी थोडक्यात सांगतो. बचाव तोच राहिला, आक्रमण सुधारलं, पोरं एका वर्षाने मुरली, आणि आदल्या वर्षी उलटं पडलेलं नशीब या वेळी दोन ठिकाणी सुलटं पडलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं, म्हणून वेगळं काढत नाही.

स्पर्धेची रचना माहीत नसेल तर एवढं लक्षात ठेवा: त्या वेळी एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) स्पर्धेत ६८ संघ होते. ३२ आपापली कॉन्फरन्स (विद्यापीठांचा गट, म्हणजे लीग) जिंकून थेट यायचे, उरलेले ३६ समिती निवडायची. चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. एक सामना हरला की घरी.

१६ मार्च २०१८ ला शार्लटमध्ये व्हर्जिनिया उतरला तेव्हा ३१ विजय, २ पराभव आणि संपूर्ण स्पर्धेत अव्वल मानांकन होतं. समोर यूएमबीसी हे मेरीलँडमधलं विद्यापीठ, सोळावं मानांकन. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाचे संघ सोळाव्याविरुद्ध १३५ पैकी १३५ सामने जिंकले होते. मध्यंतराला २१-२१. दुसऱ्या हाफमध्ये यूएमबीसीने ५३ गुण केले आणि सामना ७४-५४ असा संपला. यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर (लांबचे, तीन गुणांचे शॉट) टाकले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. व्हर्जिनियाचा डिआंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता.

आता कारण, आणि इथे जरा थांबायला हवं. कॉलेजमध्ये २०-२० मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक असतं, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घ्यावाच लागतो. साधारण संघाला सामन्यात ७०च्या आसपास पझेशन मिळतात, म्हणजे चेंडू तितक्या वेळा आपल्याकडे येतो. व्हर्जिनिया मुद्दाम सावकाश खेळायचा, त्यामुळे त्याच्या सामन्यात ही संख्या ६०च्या आसपास. पावसामुळे वीस षटकांचा सामना आठ षटकांवर आला की दुबळ्या संघाची संधी वाढते, हे आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. इथेही तेच होतं. संधी जितक्या कमी, तितका चांगल्या-वाईट संघातला फरक दिसायला वाव कमी. शिवाय १२-१४ गुणांनी मागे पडल्यावर सावकाश खेळणाऱ्या संघाला भराभर शॉट घ्यावे लागतात, आणि त्याची त्याला सवयच नसते.

मग हळू का खेळायचं? कारण बचाव. तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांची ‘पॅक लाइन’ ही पद्धत त्यांचे वडील डिक बेनेट यांनी बसवलेली. रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा धरायची. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्या अंगावर एक जण, बाकीचे चौघे त्या रेषेच्या आत. ड्राइव्ह करायला, म्हणजे चेंडू घेऊन रिंगकडे घुसायला, वाट मिळत नाही, आत उंच खेळाडूला चेंडू मिळाला की दुसरा उंच खेळाडू लगेच येऊन त्याला कोंडतो. प्रतिस्पर्धी बाहेरच्या बाहेर पास फिरवत राहतो आणि क्लॉक संपत आलं की घाईचा शॉट घेतो. २०१८-१९ मध्ये व्हर्जिनियाविरुद्ध सरासरी साधारण ५६ गुणच झाले.

यातली कमजोर जागाही त्या रेषेतच आहे. चेंडू आत जाऊन झटकन बाहेर आला की आत उभ्या असलेल्या बचावपटूला पाच-सहा फूट धावत बाहेर यावं लागतं. त्यात पहिली दोन पावलं लांब, शेवटची बारीक, एक हात वर, वजन मागे. पावलं बारीक झाली नाहीत तर शूटर खोटा शॉट दाखवून बाजूने निघून जातो, आणि निघायला अर्धा सेकंद उशीर झाला तर मोकळा थ्री. समोरचा संघ त्या रात्री लांबून पेटला तर ही पद्धत महागात पडते. यूएमबीसीने तेच केलं. पुढच्या हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, ड्यूकनेही व्हर्जिनियाच्याच घरी २१ पैकी १३ थ्री टाकून ८१-७१ ने सामना काढला.

तर बदललं काय? आक्रमण. आधीच्या रचनेत दोन उंच खेळाडू फक्त स्क्रीन लावायचे (बचावपटूची वाट अडवून उभे राहायचे) आणि गार्ड (बाहेरून चेंडू हाताळणारे खेळाडू) त्यांच्याभोवती पळत शॉट शोधायचे. त्या दोघांना लांबून शॉट नसला की प्रतिस्पर्धी त्यांना सोडून आतच गर्दी करतो. २०१८-१९ मध्ये जुनी रचना ठेवूनही चेंडूवाल्यासाठी एकामागून एक स्क्रीन आणि मैदान पसरून उभं राहणं वाढलं. टाय जेरोम, काइल गाय आणि पहिल्या वर्षाचा ५ फूट ९ इंचांचा किहेई क्लार्क असे तीन गार्ड एकाच वेळी खेळू लागले आणि बरा झालेला हंटर फॉरवर्डला आला. गाय आणि हंटर दोघेही थ्री-पॉइंटरमध्ये ४० टक्क्यांच्या वर होते. संघ हळूच खेळत राहिला, पण प्रत्येक पझेशनची किंमत वाढली.

दुसरी गोष्ट, जिला माझ्या मते पुरेसं श्रेय मिळत नाही, ती म्हणजे रेडशर्ट. खेळाडूला एक वर्ष सामन्यात उतरवायचं नाही, फक्त सराव आणि व्यायाम. त्याची खेळण्याची चार वर्षं शाबूत राहतात. हंटर, मामादी दियाकिते, जे हफ, जॅक सॉल्ट हे सगळे असे बसलेले होते. पॅक लाइनमधल्या सवयी अंगात मुरायला वर्ष जातंच, ते वर्ष त्यांनी बाकावर काढलं. अलाबामातून आलेल्या ब्रॅक्स्टन कीला मात्र लगेच खेळायची परवानगी मिळाली. आता खेळाडू दरवर्षी संघ बदलू शकतात, त्यामुळे हा मार्ग फार अवघड झाला आहे.

हंगामाचं वेळापत्रक असं चालतं. पहिल्या सामन्याच्या ४२ दिवस आधी पूर्ण सराव सुरू करता येतो, त्यात जास्तीत जास्त ३० सत्रं. आठवड्याला २० तासांची मर्यादा आणि एक सुट्टी सक्तीची. व्हर्जिनियाचा पहिला सामना ६ नोव्हेंबर २०१८ ला टाउसनशी होता (७३-४२). त्याच महिन्यात बहामात तीन दिवसांत तीन सामने, शेवटी विस्कॉन्सिनला ५३-४६ ने हरवून ती स्पर्धा जिंकली. असे तटस्थ मैदानावरचे सामने नुसते सहलीसाठी नसतात. समिती विजय मोजताना त्याची प्रत बघते: ‘नेट’ या एनसीएएच्या संघ-क्रमवारीत पहिल्या ३० मधल्या संघाला घरी, पहिल्या ५० मधल्याला तटस्थ मैदानावर किंवा पहिल्या ७५ मधल्याला त्याच्या घरी हरवलं तर तो पहिल्या प्रतीचा विजय. त्यामुळे नोव्हेंबरातला विजय मार्चच्या मानांकनात उपयोगी पडतो.

जानेवारीपासून कॉन्फरन्स. एसीसी या त्याच्या कॉन्फरन्समध्ये व्हर्जिनिया १६-२, दोन्ही पराभव ड्यूककडून. कॉन्फरन्स स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फ्लोरिडा स्टेटकडून ६९-५९ असा तिसरा. मग एनसीएएमध्ये पुन्हा पहिलं मानांकन, पुन्हा सोळावा संघ समोर, आणि गार्डनर-वेबविरुद्ध पहिल्या हाफमध्ये चक्क १४ गुणांनी मागे. शेवट ७१-५६. पुढे ओक्लाहोमा आणि ओरेगनलाही हरवलं.

त्यानंतरच्या पर्ड्यूविरुद्धच्या सामन्याचे शेवटचे ५.९ सेकंद मात्र नीट बघा. पर्ड्यू ७०-६७ पुढे, जेरोमचे दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे, एकेका गुणाचे मोकळे शॉट). पहिला गेला, दुसरा हुकला. दियाकितेने उडी मारून चेंडू मागे टोलवला, तो थेट मध्यरेषेपलीकडे गेला. फ्री थ्रोनंतरच्या उडीत चेंडू कोणाच्याच ताब्यात नसतो, म्हणून हा बॅककोर्टचा (चेंडू मध्यरेषेमागे परत नेण्याचा) नियमभंग होत नाही. क्लार्क मागे धावला, चेंडू पकडला, स्वतः लांबून फेकला नाही, नजर वर करून दियाकितेला पास दिला आणि त्याचा जंपर बझरबरोबर आत. ७०-७०, मग ओव्हरटाइममध्ये ८०-७५. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने एकट्याने ४२ गुण आणि १० थ्री केले होते, तरी.

ऑबर्नविरुद्ध उपांत्य सामन्यात फाउलचा हिशोब कळला पाहिजे. एका हाफमध्ये संघाचे पहिले सहा साधे फाउल फ्री थ्रो देत नाहीत. ऑबर्नकडे असे फाउल शिल्लक होते, म्हणून ते मुद्दाम फाउल करून वेळ खात होते. पण थ्रीच्या शॉटवर फाउल झाला तर हिशोब काहीही असो, तीन फ्री थ्रो. ०.६ सेकंद उरले असताना गायवर तसाच फाउल झाला. ६०-६२ असताना त्याने तिन्ही टाकले. त्याआधी जेरोमचं डबल ड्रिबल (ड्रिबल थांबवून पुन्हा सुरू करण्याचा नियमभंग) पंचांनी दिलं नव्हतं, हेही खरं आहे आणि ऑबर्नच्या लोकांना ते डाचणारच. ८ एप्रिलला मिनिआपोलिसमध्ये अंतिम सामन्यात टेक्सस टेक ६८-६५ पुढे असताना हंटरने कोपऱ्यातून थ्री टाकून बरोबरी केली. ओव्हरटाइममध्ये मिळालेले बाराच्या बारा फ्री थ्रो आत. ८५-७७, हंटर २७ गुण. हंगाम ३५-३.

स्वतः हिशोब करायचा तर धावफलकातून पझेशन काढा: एकूण शॉट, वजा आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट परत ताब्यात घेणं), अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४७५. गुणांना त्याने भागा. ६० पझेशनमध्ये ६३ गुण म्हणजे १.०५, ७५ मध्ये ७२ म्हणजे ०.९६. जास्त गुण करणारा दुसरा संघ प्रत्यक्षात वाईट खेळलाय. नुसती सरासरी गुणसंख्या बघणारे इथेच फसतात. मग दोन्ही संघांची थ्रीची टक्केवारी शेजारी ठेवा. एखाद्या संघाचा पराभव फक्त तिथेच दिसत असेल तर लगेच त्याला मोडीत काढू नका. पण गमावलेले चेंडू आणि रिबाउंडही घसरले असतील तर दुखणं खोलवर आहे.

विजेतेपदानंतर ही पद्धत दोषमुक्त झाली असं समजू नका. २०२१ मध्ये ओहायोने ६२-५८ आणि २०२३ मध्ये फरमनने ६८-६७ असं व्हर्जिनियाला पहिल्याच फेरीत घालवलं. दोन्ही वेळा व्हर्जिनिया चौथं मानांकन, समोरचा तेरावं, आणि दोन्ही सामने कमी गुणांचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बेनेट निवृत्त झाले.

भारतातून बघणार असाल तर वेळ जपा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी फरक साडेदहा तासांचा, त्यानंतर साडेनऊ. रात्री ९ चा सामना फेब्रुवारीत आपल्याकडे सकाळी ७:३० ला, मार्चअखेर ६:३० ला.