ते सर्टिफिकेट कपाटातून बाहेर काढा

प्रश्न: मुलगा नववीत आहे. त्याला डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याची अध्ययन अक्षमता, आहे. दोन वर्षांपूर्वी सरकारी रुग्णालयातून सर्टिफिकेट काढलं, पण ‘शिक्का बसेल’ म्हणून शाळेला दाखवलं नाही. आता मार्क कमी पडतात म्हणून शाळा म्हणते, दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्या. सवलत मागून शाळेचे उपकार घ्यायला नको वाटतं. त्याने पुढे सायन्स घ्यावं की डिप्लोमा? – एक वडील

उत्तर: सायन्स की डिप्लोमा, ते दहावीनंतर बघू. दोन्ही वाटा उघड्या आहेत.

तुम्ही सोबत पाठवलेल्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेपाशी मी अडले. पहिल्या चार ओळी वाचता येतात. मग अक्षरं एकमेकांवर चढतात, पेन कागदात रुततं, आणि खालचं अर्धं पान कोरं. तेच उत्तर घरी त्याने घडाघडा सांगितलं, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे त्याला येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तरी दोन वर्षं तो वर्गात ‘आळशी’ म्हणवून घेत राहिला. शिक्का बसलाच की हो, तोही खोटा. मार्कांपेक्षा मला याचंच वाईट वाटलं.

आता ते ‘उपकार’. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यांत अध्ययन अक्षमता येते. कलम १६ नुसार अशी मुलं लवकर ओळखणं आणि त्यांना लागेल ती सोय करून देणं हे मान्यताप्राप्त शाळेचं कर्तव्य आहे. वाजवी सोय नाकारणं हाच कायद्याने भेदभाव ठरतो. जादा वेळ आणि लेखनिक हा तुमच्या मुलाचा हक्क आहे. सर्टिफिकेटवर दिव्यांगत्वाचा आकडा ४० टक्क्यांपेक्षा कमी असला तरी लेखनिक नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये लेखनाचीच अडचण असलेल्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितलं आहे.

१७ नंबरच्या फॉर्मवर सही करू नका. त्याने शाळा सुटते, अडचण तशीच राहते. या आठवड्यात मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, सर्टिफिकेटची प्रत जोडा, पोच घ्या. बोर्डाच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, म्हणून नववीतच हलायला हवं. शाळेने टाळलं तर दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

पोच मिळाली की कळवा. सायन्स की डिप्लोमा, हे पत्र मात्र त्याला सांगू दे, तुम्ही फक्त लिहून घ्या.