शिशुधानी की शिशुदाणी?

प्रश्न असा : कांगारूच्या पोटावरच्या पिशवीला 'शिशुधानी' म्हणतात, त्यातला 'धानी' राजधानीतलाच का? आणि अत्तरदाणीच्या चालीवर 'शिशुदाणी' म्हटलं तर काय बिघडलं?

हो, राजधानीतलाच. संस्कृतात 'धा' म्हणजे ठेवणे, धारण करणे; ज्यात ठेवतात ती धानी. व्याकरणकारांचं ठरलेलं उदाहरण 'सक्तुधानी', म्हणजे सातूचं पीठ ठेवायचं भांडं. अत्तरदाणी, पिकदाणीतला 'दाणी' मात्र फारसी 'दान'वरून आलेला. पण हा 'दान' आणि संस्कृत 'धान' मुळात एकाच घरचे. इराणी शाखेत 'ध'चा 'द' झाला, इतकंच. तेव्हा 'शिशुदाणी' अगदीच परकी नाही, फक्त 'शिशु'ला फारसी शेपूट कानाला खटकतं. (मच्छरदाणीत तर डास नव्हे, माणसं असतात. दाणीकडून फार तर्काची अपेक्षा नकोच.)

मग साधं 'पिशवी' का नको? बोलताना चालेल. पण आपल्याकडे 'पिशवी काढली' म्हटलं की गर्भाशय समजतात, आणि इथे नेमका तोच घोटाळा टाळायचा आहे. तांबड्या कांगारूचं पिल्लू गर्भाशयात जेमतेम ३३ दिवस असतं. जन्मतं तेव्हा एक ग्रॅमही भरत नाही; डोळे मिटलेले, मागचे पाय अर्धेकच्चे. पुढच्या पायांनी आईच्या केसांतून सरपटत ते स्वतःच वर शिशुधानीत शिरतं, आचळ तोंडात धरतं आणि जवळजवळ आठ महिने तिथं वाढतं. म्हणजे खरं वाढणं गर्भाशयाबाहेरच.

'पिशवी' मी अनाथ पिल्लांसाठी राखून ठेवीन. ऑस्ट्रेलियात गाडीच्या धडकेनं मेलेल्या मादीच्या शिशुधानीत कधी कधी पिल्लू जिवंत सापडतं. ते आचळाला घट्ट चिकटलेलं असेल तर ओढायचं नसतं, तोंडाला इजा होते. पुढे सांभाळणारे त्याला कापडी पिशवीत ठेवून ती टांगतात, ऊब देतात, आणि गाईच्या दुधाऐवजी कमी लॅक्टोजचं खास दूध पाजतात. प्राणिसंग्रहालयात आईनं टाकलेल्या पिल्लालाही असंच वाढवतात. तिथला रखवालदार मराठीत नोंद लिहीत असता तर वाक्य असं झालं असतं : 'पिल्लू शिशुधानीतून पडलं, पिशवीत ठेवलं.' इथे दोन्ही शब्द हवेतच.

अनेकवचन राजधान्यांसारखंच, शिशुधान्या. अशा प्राण्यांना मात्र 'शिशुधान प्राणी' म्हणायचं, ईकार न लावता.