जुना लेथ घेताय? रंग नको, बेड बघा

जालन्याच्या भंगार बाजारात दिसलेला साडेचार फुटी, कोन पुलीचा (वेग बदलायला पायऱ्यांची पुली असलेला) जुना लेथ, म्हणजे काम फिरवून कापायचं मशीन, 70 हजारांना घ्यावा का आणि घरच्या सिंगल फेजवर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. घ्यायचा की नाही, ते बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो लांब पाया) ठरवेल. तुमच्या फोटोत हिरवा रंग ताजा आहे, त्याला एक पैसाही जास्त देऊ नका. उलट ताज्या रंगाखाली तडा झाकलेला असू शकतो. बिडाला (ओतीव लोखंडाला) वेल्डिंग मारलेलं असेल तर शेजारीच पुन्हा तडकतं. शंका येईल त्या जागी मालकाला विचारून थोडा रंग खरवडा, रॉकेल लावून पुसून घ्या आणि वर खडूची भुकटी टाका. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

बेड सर्वात जास्त झिजतो तो चकपाशी (काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यापाशी), कारण निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. कॅरेज (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) जिथपर्यंत कधी पोचतच नाही त्या टोकाकडून बेडवर नख फिरवत या. नख पायरीला अडकलं की झीज किती आहे ते हातालाच कळतं. टेलस्टॉकखाली (चकसमोरच्या टोकाच्या आधाराखाली) स्क्रेपिंगच्या (हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खवल्यांसारख्या खुणा शाबूत आणि चकपाशी गुळगुळीत, हेही झिजेचंच लक्षण. मग कॅरेज चकजवळ आणा, गिब (सरकणाऱ्या भागाचा ढिलेपणा काढणारी पट्टी) थोडी घट्ट करा आणि टेलस्टॉककडे सरकवत न्या. मधेच जाम झाली तर चकपाशी बेड खाल्लेला आहे. बेड ग्राइंडिंगला देता येतो, पण मग कॅरेज खाली बसते, लीडस्क्रू आणि फीड रॉडची (कॅरेज चालवणाऱ्या लांब स्क्रूची आणि दांड्याची) रेघ बिघडते. घरच्या वर्कशॉपसाठी ते परवडत नाही, असा लेथ सोडून द्या.

स्पिंडलसाठी (चक फिरवणाऱ्या दांड्यासाठी) डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) घेऊनच जा. स्पिंडलच्या तोंडाचा टेपर (निमुळतं भोक) पुसून त्यात गेज लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. 0.02 मिमीच्या आत काटा हलला तर उत्तम. नंतर चकमध्ये फूटभर जाड बार धरून तो हाताने वर उचला. गेज 0.05 च्या पुढे गेला तर बेअरिंग ढिलं आहे. जुन्या मशीनचं गनमेटल बुश बहुतेक वेळा नट आवळून जुळवता येतं, त्यामुळे यावरून भाव पाडा, लेथ नाकारू नका. क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) हँडलचा पाव फेरा प्ले चालतो, नट बदलता येतो. हाफ नटचंही (आटे पाडताना लीडस्क्रूला धरणाऱ्या नटचंही) तसंच.

पैसे देण्याआधी चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायला लावायचे सुटे गिअर) मोजा, हे लोक हमखास विसरतात. लीडस्क्रू इंची असेल आणि मिलिमीटरचे आटे पाडायचे असतील तर 127 दातांचा गिअर लागतो (25.4 गुणिले 5 म्हणजे 127). नसेल तर नवा कापून मिळतो, पण नमुन्याला निदान एक जुना गिअर हवा. फेस प्लेट (वेडंवाकडं काम बांधायची चकती), स्टेडी (लांब बारचा आधार), दुसरा चक त्याच ढिगात पडलेले असतात, तेव्हाच मागून घ्या. नंतर ते वजनावर जालन्याच्या भट्टीला जातात. भावाचा तळही तोच: त्या दिवशीच्या बिडाच्या दराने वजनाचे जे होतात, त्यापासून बोलणं सुरू करा.

आता वीज. शेतीच्या कनेक्शनची थ्री फेज ठरावीक तासच असते आणि ती वर्कशॉपला वापरताही येत नाही. 2 एचपी मोटरला 1.5 किलोवॅटचा, सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घ्या. तो थ्री फेज देतो, पण 230 व्होल्टची, म्हणून मोटरच्या वायरींची जोडणी स्टारची डेल्टा करावी लागते. मोटरच्या डब्यात तीनच वायरी निघाल्या तर स्टार आतच बांधलेला आहे, रिवाइंडिंगवाल्याकडून सहा वायरी बाहेर काढून घ्या. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे स्विच टाकू नका, चालू लोडवर तोडला की ड्राइव्ह उडतो. वेग कमी करायला व्हीएफडीवर विसंबू नका, बॅक गिअर (लेथचाच वेग कमी करणारा गिअर) लावा. 25 हर्ट्झच्या खाली मोटरचा पंखा मंद होतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात वाइंडिंग जळायला तेवढं पुरतं.

एक धोका नीट ध्यानात ठेवा. या वयाच्या बऱ्याच लेथवर चक आट्याने बसवलेला असतो. रिव्हर्समध्ये कट घेतला किंवा व्हीएफडीने झटकन थांबवला तर चक सुटून अंगावर येतो. थांबण्याचा वेळ 5 सेकंदांपेक्षा कमी ठेवू नका.

उचलताना दोर बेडखालून घ्या, लीडस्क्रूला कधीच नाही. लेथ वरून जड असतो, टेम्पोत उभाच बांधा आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला नेऊन आवळा. घरी आणल्यावर बेडला पॉलिश पेपर लावू नका. रॉकेल, पितळेची पट्टी आणि चिंधी पुरे, मग 68 नंबरचं तेल. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात बेडला रात्री घाम सुटतो, तेलाचा हात रोज फिरवा. पायाचे बोल्ट आवळून झाल्यावर चकमध्ये 40 मिमीचा बार 150 मिमी बाहेर ठेवून, सेंटर (टेलस्टॉकचा टोकदार आधार) न लावता, दोन टोकांना एकाच सेटिंगवर हलका कट घ्या. दोन्ही व्यासांत 0.02 पेक्षा जास्त फरक आला तर बेडला पीळ आहे. टेलस्टॉककडच्या पायाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घालून पुन्हा कट घ्या, फरक जाईपर्यंत.