नुसत्या खोबरेलाचा साबण : भुगा, रखरख आणि पावसातला घाम

प्रश्न थोडक्यात असा : ५०० ग्रॅम घाण्याचं खोबरेल, ९० ग्रॅम कॉस्टिक सोडा. रात्री ओतलेला साबण सकाळी कापला तर भुगा झाला, उरलेल्या वड्यांनी अंग रखरखीत होतं आणि पाऊस लागल्यापासून वड्यांवर पाण्याचे थेंब दिसतात. तिन्हींचं खापर घाण्याच्या तेलावर फोडलं आहे. तेलाचा यात काही दोष नाही, आणि तिन्हींची कारणंही वेगवेगळी आहेत.

आधी भुगा. खोबरेलाचा साबण फार लवकर कडक होतो. इतर तेलांच्या मिश्रणाला चोवीस तास द्यावे लागतात. नुसतं खोबरेल असेल तर ओतल्यापासून चार-पाच तासांनी बघायला लागा. बोटाने दाबून ठसा जेमतेम उमटतो, पण बोटाला चिकटत नाही आणि साबण अजून कोमट आहे, तेव्हाच कापायचा. रात्र गेली की सुरीखाली तुकडे पडणारच. सकाळी ओता, दुपारी कापा. नाहीतर सुट्या वड्यांचे सिलिकॉनचे साचे वापरा.

रखरख आकड्यांमुळे आहे. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८३ ग्रॅम कॉस्टिक लागतो, म्हणजे ५०० ग्रॅमला ९१.५. तुम्ही ९० घातलात, तर साबण न होता मोकळं राहिलेलं तेल दोन टक्केसुद्धा नाही. खोबरेलाचा साबण मळ काढण्यात इतका तेज की अंगाचं तेलही ओढून नेतो. म्हणून नुसत्या खोबरेलात २० टक्के तेल मोकळं ठेवतात : ७३ ग्रॅम कॉस्टिक, १५० ग्रॅम पाणी. हा साबण खाऱ्या पाण्यातही फेसतो. किनाऱ्यालगतच्या मचूळ विहिरींवर दुसरे साबण फुटून नुसता साका धरतात, तिथे हाच चालतो.

पण कोकणात राहून कोकमतेल न वापरणं म्हणजे कमाल आहे. थंडीत ओठांना-टाचांना लावायचे ते गोळे साबणाला घट्टपणा देतात आणि खोबरेलाचा तिखटपणा कमी करतात. अंगाच्या साबणासाठी माझा कौल या मापाला : खोबरेल ३००, कोकमतेल १००, शेंगदाणा तेल ७५, एरंडेल २५ ग्रॅम; कॉस्टिक ७५, पाणी १५० ग्रॅम. यात आठ टक्क्यांच्या आसपास तेल मोकळं राहतं. गावठी कोकमतेल वितळवून फडक्यातून गाळा, तळाशी गाळ असतोच. उंडेल (उंडीच्या बियांचं तेल) घालायचं तर शेंगदाणा तेलातले २५ ग्रॅम कमी करून तेवढंच; वास उग्र असतो. तेलं बदलली की कॉस्टिकचा हिशेब नव्याने. आणि सगळं वजनावर, एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. वाटी-चमच्याचं माप इथे नको.

कोकमतेल चाळीस अंशांच्या आत-बाहेर थिजतं. तेलं आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४५ अंशांवर आणून मिसळा. त्याहून थंड असेल तर मिश्रण दाट दिसतं, साबण धरू लागल्याची खूण असलेली रेघ उमटल्यासारखी वाटते, पण ते नुसतं थिजलेलं तेल असतं. साच्यात ते वेगळं होतं. खरी रेघ म्हणजे वरून धार सोडली की पृष्ठभागावर क्षणभर राहते ती.

कॉस्टिक नेहमी पाण्यात घालायचा, पाणी कॉस्टिकवर कधीच नाही. पाणी बघता बघता ऐंशी अंशांच्या वर तापतं आणि वाफ घशाला झोंबते, म्हणून चष्मा, हातमोजे आणि वाऱ्याकडे पाठ करून अंगणात; पोरं-मांजरं लांब. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचा टोप कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन सुटतो. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड : जांभ्यातल्या पाण्यात लोह उतरलेलं असेल तर साबणावर नारिंगी ठिपके येऊन तो खवट होतो. वड्या लोखंडी जाळीवर न सुकवण्याचं कारणही हेच.

आता थेंब. साबणात तयार झालेलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर त्याला पाणी कमी नाही. साबण बिघडलेला नसतो, पुसून कोरड्या खोलीत ठेवा. वर पांढरी पूड आली तर तीही निरुपद्रवी. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने उरलेल्या कॉस्टिकचा धुण्याचा सोडा होतो, ओल्या फडक्याने निघतो. खरं नुकसान कॉस्टिकच्या डब्यात होतं. झाकण सैल असेल तर तो ओल धरतो, तुम्ही ७५ ग्रॅम तोलता त्यात पाणीच भरपूर, आणि साबण मऊ, तेलकट राहतो. गोळा झालेला कॉस्टिक साबणाला घेऊ नका.

म्हणून दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत साबण करा. वड्या सुपात, सावलीत, एकमेकींपासून सुट्या ठेवून निदान सहा आठवडे. आठवड्याला एक वडी तोला. वजन उतरायचं थांबलं की साबण तयार. पावसात ही खूण चालत नाही, वजन उलट वाढतं.

आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालू का, असंही विचारलं आहे. नको. त्यातलं आम्ल कॉस्टिक खाऊन टाकतं, मीठ साबण ठिसूळ करतं आणि तो सुंदर लाल रंग अल्कलीत टिकत नाही. सुरंगीची फुलंही तपकिरी पडतात, वास राहत नाही. वासच हवा तर ५०० ग्रॅम तेलाला १५ ग्रॅम गवती चहाचं तेल, रेघ उमटल्यावर.

आधीचा भुगा फेकू नका. मुदत पुरी झाली की भांड्यांना आणि कपड्यांना त्याच्याइतका चांगला साबण नाही.