फोटोत न दिसणारी बिजागरी

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. कॉस्प्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घ्यायला, तू केलेल्या चिलखताचे फोटोही नीट पाहिले. "काका, हे गावठी दिसून राहिलं. तयार ड्रेस मागवू का?" असं तू विचारलं. नको मागवू. तुझ्या हाताला वळण आहे, ते या वयात मोडू नको.

वडशात झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा कपडेपट सांभाळण्यात माझी तीस वर्षं गेली. दिवाळी ते होळी रोज नवं गाव, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री उजाडेपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या अंगावर माझी शिवण. म्हणून कॉस्प्ले मला परका वाटत नाही. तूही तान्ह्या पोळ्याला झाशीची राणी होऊन, लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागितला होता. तेव्हाची तुझी तलवार पुठ्ठ्याला बेगड लावून केलेली होती, आणि तिला कोणी गावठी म्हटलं नव्हतं.

मागे भाचीसोबत हैदराबादच्या कॉमिक कॉनला, कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळ्याला, गेलो होतो. एक पोरगा पाठीवर भले मोठे पंख लावून उभा होता. दोरी ओढली की ते उघडायचे. लोक यायचे, शेजारी उभे राहून फोटो काढायचे आणि निघून जायचे. तू कोण झाला आहेस, हेसुद्धा कोणी विचारेना. तेवढ्यात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी मागून आली आणि म्हणाली, "ये बंद कैसे होता है?" तो पोरगा तिथेच फरशीवर मांडी घालून बसला. पंख उतरवून त्याने तिला आतली बिजागरी दाखवली. पेटीच्या झाकणाला असते तशीच, साधी पितळी. ती मुलगी पंख उघडत-मिटत राहिली आणि हा तिला कुठे तेल सोडायचं ते सांगत राहिला. त्या दिवसातलं मला एवढंच पक्कं आठवतं. तयार ड्रेस घातला असता तर त्याच्याकडे दाखवायला काय होतं?

१९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. फॉरेस्ट अ‍ॅकरमन तिथे भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेला, आणि पुढे कित्येक वर्षं या छंदाचा मूळ पुरुष म्हणून त्याचंच नाव घेतलं गेलं. तो पोशाख केला होता मर्टल डग्लस या बाईने. तीही त्याच्यासोबत तशाच वेशात होती. हे कळलं तेव्हा मला फार लागलं, कारण आमच्याही पोस्टरवर शिवणाऱ्याचं नाव नसतं. उद्या कधी वेळ नसेल आणि दुसऱ्याकडून करवून घेतलं, तर कोणी विचारण्याआधी त्या करणाऱ्याचं नाव सांगत जा.

आता कामाचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तेव्हा महागडं सामान नकोच. लहान पोरांच्या खेळायच्या खोलीत अंथरतात त्या फोमच्या चटया घे. जोडायला चप्पल शिवणाऱ्याकडचं सोल्यूशन. दोन्ही बाजूंना लावायचं, हाताला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. हे अंगणातच कर, बंद खोलीत त्या वासाने डोकं धरतं. हीट गनच्या गरम हवेने फोम वाकतो आणि त्याची छिद्रंही मिटतात. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे दोन-तीन हात दे, मग रंग. तू थेट रंग दिला, म्हणून कोपरावर तडे गेले. तुला गावठी वाटतं ते हेच. तलवारही फोमचीच कर, लोखंडाची दारातच अडवतील.

आणि चिलखत घालून घरात चार तास वावर. बस, वाक, जिने चढ, पाणी पी. मी एकदा राजाचं चिलखत केलं, दिसायला देखणं, पण कमरेत कडक. दुसऱ्या अंकात राजाला सिंहासनावर बसताच येईना. त्याने सगळा प्रवेश उभ्याने निभावला. चूक माझी होती, आणि त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

दिल्ली हाटात २०११ साली आपल्या देशातला पहिला कॉमिक कॉन भरला. आज त्याच मेळ्यात अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टूनवाल्यांची आणि गेमवाल्यांची केवढी गर्दी असते. जुने लोक यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. तुझ्या गावात कॉमिक्सचं दुकान कधीच नव्हतं, तू तुझी ती योद्धी मोबाइलवर पाहिली आणि रात्र-रात्र जागून तिचं चिलखत कापलं. तुला कोणी 'खरी फॅन' आहेस का म्हणून परीक्षा घ्यायला लागलं, तर सरळ पुढे चालू लाग. त्या योद्धीचा रंग गोरा, तुझा सावळा, म्हणून पावडर थापू नको.

गर्दीत तुला कोणी त्रास देईल, ही आईची काळजी रास्त आहे. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ साली 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलक लावावे लागले. विचारल्याशिवाय कोणी फोटो काढला, हात लावला, तर मोठ्याने 'नाही' म्हण आणि आयोजकांच्या माणसाला गाठ. कॉमिक कॉनला एकटी जाऊ नको, मी येतो. आपल्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, बल्लारशाहून गाडी आहे. आईला तसं सांग.

रविवारी चिलखत घेऊन वडशाला ये. डाव्या खांद्याचा पट्टा मला फोटोत तोकडा वाटला, तो दोघं मिळून उसवू.

तुझा,
काका